गड्याच्या कानातले सोने



या पानावर मी बहुधा बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयीच लिहितो. आज विषय थोडा निराळा आहे. पण तो मला शेताच्या बांधावरच सापडला, म्हणून तुमच्यापुढे मांडायला हरकत नसावी.

गेल्या रब्बीच्या तोंडावर आटपाडी तालुक्यातील एका गावी ज्वारीच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. एक किलो बियाण्याला चार ग्रॅम गंधक, म्हणजे काणी रोगाला आळा बसतो, हे मी नेहमीप्रमाणे सांगत होतो. बियाणे चोळायला एक तरणा मुलगा पुढे आला. पदवी झालेला, घरची आठ एकर शेती पाहणारा, चुणचुणीत पोर. त्याच्या उजव्या कानात वरच्या बाजूला दोन मोत्यांची आणि मध्ये लाल खड्याची भिकबाळी होती, मनगटात जाडजूड कडे. त्याने हात घातला मात्र, मागून आवाज आला :

"सायेब, आधी त्येच्या कानाला कायतरी औषध चोळा! बाईगत कान टोचून आलंय ह्ये बेनं!"

सगळे हसले. मुलगा खाली मान घालून बियाणे चोळत राहिला. बोलणारे त्याचे आजोबा होते. वय पंच्याऐंशीच्या घरातले, डोक्याला फेटा, अंगात तीनगुंडी सदरा. मी त्यांच्याकडे वळून पाहिले आणि मला हसू आवरेना. कारण आबांच्या स्वतःच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना चांगली गव्हाचा दाणा जाईल एवढी भोके होती.

"आबा," मी म्हणालो, "ही तुमच्या कानाची भोकं काय उंदरानं पाडली व्हय?"

आता हसण्याची पाळी नातवाची होती. आबा क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "आवं, ती येगळी. ती आमच्या आईनं टोचली हुती. ती काय फॅशन न्हवती."

प्रात्यक्षिक संपले, चहा झाला, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तुमच्याही घरात हा वाद झाला असेल. मुलाने कानात काहीतरी अडकवले, वडील चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, आईने मध्ये पडून मिटवले. म्हणून जरा मुळापासून पाहू.

आपल्याकडे गड्यामाणसाने कान टोचणे ही अगदी जुनी चाल आहे. कर्णवेध हा सोळा संस्कारांतला एक. सुश्रुत संहितेत मुलाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत, मुलाचा उजवा कान आधी आणि मुलीचा डावा आधी, असे सांगितले आहे. पाळी फाटली तर ती कशी सांधावी हेही त्यात आहे. म्हणजे तेव्हाही पुरुष कानात एवढे जड घालत होते की पाळ्या फाटत होत्या! आपल्या माणदेशात पाळण्यातल्या पोराचे कान सोनार येऊन सोन्याच्या तारेने टोची. पोर रडे, सोनाराला शिधा आणि सुपारी मिळे, आणि आजी पोराच्या तोंडात गूळ घाली. 'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

जुन्या गड्याच्या अंगावरचे दागिने मोजायला बसलो तर आजच्या बायकांनाही नवल वाटेल. कानात बाळी, थोरामोठ्यांच्या कानात मोत्यांचा चौकडा. गळ्यात गोफ किंवा कंठा. मनगटात कडे किंवा सलकडी. कमरेला चांदीचा करदोडा, आणि तो तर गरिबाच्याही कमरेला असायचा, नाहीच जमले तर काळ्या दोऱ्याचा. बोटात अंगठी. पेशवाईतल्या सरदारांची आणि कारभाऱ्यांची चित्रे पाहा. पागोट्याखाली कानात मोती लटकताहेत, आणि त्यांना बायकी म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. धनगर बांधवांच्या कानातल्या बाळ्या तर आजही तुम्ही कोणत्याही मेंढरांच्या वाड्यावर पाहू शकाल. नाथपंथी कानफाटे जोगी कानच चिरून त्यात मोठ्या मुद्रा घालतात. तिथे ते दीक्षेचे चिन्ह आहे, शोभेचे नाही. आपल्याच देशात राजस्थानातला उंट-मेंढरे पाळणारा गडी कानात मुरक्या घातल्याशिवाय बाहेर पडत नाही.

भिकबाळीची गोष्ट तर वेगळीच. ती पाळीत नाही, उजव्या कानाच्या वरच्या भागात घालतात. नावातला 'भिक' कसा आला, तर ज्या घरात मुले जगत नसत, तिथे आई दारोदार पदर पसरून सोने मागे आणि त्या भिकेच्या सोन्याची बाळी करून मुलाच्या कानात घाली, असे जुनी माणसे सांगतात. म्हणजे आज पोरे ज्याला पेशवाई थाट समजतात, त्याच्या मुळाशी एखाद्या आईची धडधड असावी. मी हे त्या मुलाला सांगितले तेव्हा त्याने नकळत कानाला हात लावला.

सोन्याच्या मापाचेही जरा सांगतो. माप गुंजेचे. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. जुना तोळा पावणेबारा ग्रॅमला थोडा कमी. आता सोनार दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो, तेव्हा घरातला आजीच्या वेळचा 'तोळ्याचा' दागिना आणि आजचा तोळा यांत गफलत करू नका. (गुंजेचा वेल तुमच्या कुंपणावर असेल तर मात्र सांभाळा. बी दिसायला सुंदर, लालभडक आणि काळ्या ठिपक्याचे, पण विषारी आहे. पोरांच्या आणि जनावरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.)

माझ्या आजोबांच्या कानात दोन बाळ्या होत्या, दोन्ही मिळून सहा मासे. त्या शोभेला होत्या असे मला कधी वाटले नाही. खेड्यात बँक नव्हती, पेटीला कुलूप लागले तरी घराला कौले कुठे होती? सोने अंगावर असलेले बरे. बायकोच्या अंगावरचे सोने म्हणजे घराची लाज, ते शेवटी मोडायचे. गड्याच्या कानातले आधी मोडायचे. अशी ती रीत होती.

१९७२ साली दुष्काळ पडला तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांचा होतो. त्यामुळे हे मला आईने सांगितलेले आहे. घरची माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, सुकडी खाऊन दिवस काढत. माणसांचे कसेबसे भागत होते, पण दावणीला खिलार बैलजोडी होती. खरसुंडीच्या यात्रेत हौसेने घेतलेली. शेजारच्यांनी जनावरे मिळेल त्या भावाला बाजारात सोडली. आजोबा एका सकाळी उठले, न सांगता तालुक्याला गेले आणि संध्याकाळी कडब्याच्या गाडीबरोबर परत आले. आईने भाकरी वाढताना वर पाहिले तर कान मोकळे. ती काही बोलली नाही, तेही बोलले नाहीत. त्या वर्षी दहा ग्रॅम सोन्याचा भाव दोनशे रुपयांच्या आसपास होता, तेव्हा हाती शंभर-सव्वाशे रुपयेच आले असतील. पण पुढच्या मृगाला आमच्या रानात आमचीच कुळवाची पाळी पडली. आज तेवढ्याच सोन्याला पन्नास हजारांच्या पुढे रुपये पडतील. तरीही ते स्वस्तात गेले असे मला वाटत नाही.

आजोबांनी पुन्हा बाळ्या केल्या नाहीत. नुसती भोके राहिली.

मग गड्यांच्या कानातून सोने गेले कसे? दुष्काळाने थोडे नेले, पण सगळे नाही. पागोटे गेले आणि टोपी आली, धोतर जाऊन विजार आली, पोर हायस्कुलात गेले. शाळेत मास्तरांचे कान मोकळे, कचेरीत साहेबाचे कान मोकळे. शिकलेला माणूस म्हणजे मोकळ्या कानाचा, अशी एक खूणच पडून गेली. त्यातच चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. कित्येक सोनारांची भट्टी विझली. पुढे १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा आला, तो १९९० साली रद्द झाला. मधल्या काळात बाईच्या मंगळसूत्राला सोने पुरवताना घर मेटाकुटीला येई, तिथे गड्याच्या कानाचा विचार कोण करणार?

आता माझे सांगतो. माझेही कान लहानपणी टोचले होते. एका कानात आईने गुंजभर सोन्याची बारीक बाळी घातली होती. कृषी महाविद्यालयात गेलो, वसतिगृहात राहिलो. पहिल्याच आठवड्यात शहरातल्या पोरांनी मला 'बाळी' असे नावच पाडले. जेवायला बसलो की कोणीतरी म्हणे, "बाळी, भाजी वाढू का?" एका प्राध्यापकांनीही वर्गात, "तुम्ही शेती शिकायला आलात की तमाशात जायला?" असे विचारले. दिवाळीला घरी येण्याआधी मी बाळी काढून कागदात गुंडाळली आणि आईच्या हातात ठेवली. तिने ती न उघडताच लुगड्याच्या पदराला बांधली. "बरं केलंस," एवढेच म्हणाली. पण ते बरे वाटून म्हणाली नव्हती हे कळण्याइतका मी मोठा होतो. आज माझ्या कानावर मोहरीएवढा ठिपका तेवढा आहे. त्या प्राध्यापकांचा राग मला आता येत नाही. स्वतःचा मात्र थोडा येतो.

याच काळात शहरातल्या, सिनेमातल्या पोरांनी एका कानात 'टॉप' घालायला सुरुवात केली. गावाने त्याला लगेच 'टपोरी' ठरवले, कारण सिनेमात खलनायकाच्या हाताखालची पोरेच तसला टॉप घालत. मग हळूहळू वारे फिरले. पुण्याच्या गणेशोत्सवातल्या ढोल-ताशा पथकांतली पोरे पांढरा झब्बा, फेटा आणि भिकबाळी घालून वाजवू लागली, लग्नात नवरदेव भिकबाळी मागू लागले आणि सोनाराच्या काचेमागे तिचे निरनिराळे घाट मांडले गेले. कान टोचायचे नसले तर नुसती चापाची भिकबाळी मिळते, ती मिरवणूक संपली की खिशात.

आमच्या भागात आणखी एक कारण आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तिकडे माण-खटाव, या कमी पावसाच्या पट्ट्यातली माणसे पोटासाठी गलाईच्या धंद्यात गेली. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे काम. आज देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांच्या सराफ बाजारात विट्याकडचा माणूस सापडतो. ही मंडळी यात्रेला गावी येतात तेव्हा गळ्यात गोफ आणि बोटात अंगठ्या असतात. त्यांनी भट्टीजवळ, आम्लाच्या वाफेत वर्षे काढून ते मिळवले आहे, हे विसरू नये. पण यात्रेत त्यांच्याकडे पाहणाऱ्या पोराला गोफ दिसतो, भट्टी दिसत नाही. पुणे भागात तर अंगभर सोने घालून फिरणाऱ्याला 'गोल्डमॅन' म्हणण्याची पद्धत पडली. ज्यांच्या जमिनी शहराने गिळल्या, त्यांतल्या काहींच्या गळ्यात ती जमीन साखळी होऊन लटकते. कृषी खात्यातला माणूस म्हणून मला ते पाहवत नाही, एवढे म्हणून पुढे जातो.

आता गाव काय म्हणते ते पाहू. मी मुद्दाम चार ठिकाणी विषय काढून पाहिला. म्हातारे म्हणतात, बायकी. मधल्या वयाचे म्हणतात, टपोरी, याला नोकरी कोण देणार. बाया मात्र बहुधा हसतात आणि म्हणतात, चांगली दिसते की! एका गावी तर एका मुलीच्या बापाने ठरत आलेले स्थळ परत पाठवले. मुलगा निर्व्यसनी, डाळिंबाची चार एकर बाग, ठिबक स्वतःच्या हाताने बसवलेले. कारण काय, तर त्याच्या कानात टॉप होता. "असल्या पोराला मी पोरगी देत न्हाई," म्हणाले. सहा महिन्यांनी त्यांनीच दुसरीकडे पोरगी दिली. त्या जावयाचे कान मोकळे होते. पण त्याच्या घरच्यांनी दोन तोळ्यांचा गोफ आणि अर्ध्या तोळ्याची अंगठी बोलून घेतली होती. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला हे तुम्हाला ठाऊक आहेच. गृहस्थांनी दोन दुभत्या म्हशी विकल्या आणि बायकोचे सोने पतसंस्थेत गहाण टाकले.

मी त्यांना विचारले, "अण्णा, पहिल्याच्या कानात गुंजभर सोनं होतं, ते त्यानं स्वतःच्या डाळिंबावर केलं होतं. ह्याच्या गळ्यात दोन तोळं आहे, ते तुमच्या म्हशींवर झालं. दोघांत दागिन्याचा सोस कुणाला जास्त?"

ते काही बोलले नाहीत. त्यांची पत्नी आतून म्हणाल्या, "भाऊसाहेब, ही गोष्ट तुम्ही लगीन ठरायच्या आधी येऊन बोलला असता तर बरं झालं असतं."

बंधूंनो, पुरुषाच्या दागिन्याचा खरा प्रश्न मला इथे दिसतो. कानात काय घातले याच्यावर गाव महिनाभर बोलते, आणि नवरदेवाच्या गळ्यात सासऱ्याच्या पैशाचा गोफ पडतो त्याला 'मान' म्हणून सोडून देते. लग्नात गोफ, साखरपुड्याला अंगठी, धोंड्याच्या महिन्यात जावयाला पुन्हा काहीतरी सोन्याचे. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा मी एका सराफाच्या पायरीवर बसलो होतो. जावयाच्या अंगठीचे माप घेऊन आलेले तीन सासरे मी तासाभरात मोजले. त्यांतले दोघे पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी माझ्याकडे येऊन गेलेले होते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. लग्नाच्या संदर्भात मागून घेतलेले सोने हे त्या कायद्यात हुंड्यातच जमा होते, त्याला गोफ म्हणा नाहीतर मान म्हणा. ज्या घरात मुलगी द्यायची आहे तिथे मुलाचे कान न पाहता हे आधी विचारावे. आणि ज्या घरात मुलगा आहे त्या माउलींनी आपल्या पोराला गोफ हवाच असेल तर तो घरच्या कांद्यावर, डाळिंबावर करावा. तेवढी ऐपत नसेल तर काळा करदोडा आपल्या बापजाद्यांनाही चालत होता.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. इथे मी भीड ठेवणार नाही.

कानातल्या बाळीने शेतावर कोणाचे फारसे नुकसान केल्याचे मी पाहिले नाही. फांदीत अडकून पाळी ओरबाडली, एवढेच. पण मनगटातले कडे आणि बोटातली अंगठी यांनी केलेले नुकसान मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाचा हात कडबा कुट्टी यंत्रात गेला. तो ओली मक्याची वैरण सारत होता. मक्याचे एक ताट मनगट आणि कडे यांच्या फटीत शिरले, दातेरी रुळाने ताट ओढले, ताटाने कडे ओढले. हात मागे घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाही त्याला मिळाला नाही. बटण दाबायला त्याची बहीण धावली म्हणून तीन बोटांवर निभावले. कडे चांदीचे होते, यात्रेत हौसेने घेतलेले. दवाखान्यात ते कापून काढावे लागले. आता तो मुलगा डाव्या हाताने सही करतो.

मळणी यंत्राच्या अपघातांनी देशभर इतके हात गेले की केंद्र सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. पण कायदा फार तर यंत्राला झाकण लावील. मनगटातले कडे आपणच काढायचे असते. कुट्टी, मळणी यंत्र, ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, उसाचा चरक, यांच्याजवळ जाताना कडे, अंगठी, गळ्यातली साखळी, हाताला बांधलेला जाड गंडा, एवढेच नव्हे तर खांद्यावरचा टॉवेल आणि बायांनी सुटा पदर, हे सगळे दूर. मोटारीचा स्टार्टर उघडताना ओल्या मनगटावर धातूचे कडे असेल तर विजेला आणखी एक वाट मिळते. फवारणीच्या वेळी अंगठीखाली आणि कड्याखाली औषध साचून राहते, वरून हात धुतला तरी तिथे पोचत नाही, आणि त्याच हाताने आपण भाकरी मोडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते आठवले म्हणजे अशा बारीक गोष्टीही बारीक वाटत नाहीत.

ज्यांना कान टोचायचेच आहेत त्यांनाही दोन शब्द. पाळी मऊ असते, लवकर भरते. भिकबाळी जाते ती कुर्चेतून, म्हणजे कानाच्या कडक भागातून. तिथे रक्तपुरवठा कमी, जखम महिनोन्‌महिने ओली राहते आणि पू झाला तर कानाचा आकार बिघडतो. म्हणून यात्रेतल्या बंदुकीने तिथे टोचून घेऊ नका. नवी सुई वापरणारा माहितगार सोनार किंवा डॉक्टर गाठा. पहिले तीन-चार महिने खोटा दागिना घालू नका. त्यातल्या निकेलने पुष्कळांच्या कानाला खाज सुटते आणि पाणी येते. जखम असताना शेणामातीचा हात कानाला लावू नका, आणि धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या.

सोने घेताना पावती मागा. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने एकेका जिल्ह्यात हॉलमार्कची सक्ती झाली. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लागतो, आणि तो बीआयएस केअर या ॲपवर टाकून पाहता येतो. बावीस कॅरटला ९१६, अठराला ७५०, चौदाला ५८५ असा आकडा असतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला मात्र ही सक्ती नाही, आणि भिकबाळी बहुधा त्याच वजनात बसते. तेव्हा तिथे ओळखीचा सोनार आणि लेखी कॅरट, हाच आधार. मोत्यांचे आणि खड्याचे वजन सोन्यात धरले नाही ना, हेही पाहा. मोडायला जाल तेव्हा मोत्याला काही मिळत नाही.

आबांकडे मी महिन्याभराने पुन्हा गेलो. ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. खोडमाशी बघायची होती. नातवाचा कान त्या दिवशी सुजलेला दिसला होता, म्हणून आधी त्याची चौकशी केली. आबा म्हणाले, "उतरला. हिनं हळद लावली आन् म्या त्येला डागदराकडं नेलं."

"तुम्ही नेलं?"

"मग? टोचलंच हाय तर नीट तरी ऱ्हाऊ दे." मग थोडे थांबून म्हणाले, "सायेब, माझ्या बाळ्या धाकल्या भावाच्या शिक्शणाला मोडल्या. त्यो मास्तर झाला. पयल्या पगारात म्हणला, दादा, तुला बाळ्या करतो. म्या म्हणलं, आता कोन घालतंय? मास्तरचा भाऊ बाळ्या घालून फिरला तर बरं दिसंना." एवढे बोलून त्यांनी दोन बोटांनी कानाची पाळी चोळली, तंबाखू चोळावी तशी.

नातू गोठ्यात वैरण घालत होता. मला पाहून बाहेर आला. भिकबाळी कानात होती, मनगट मोकळे होते. मी काही विचारण्याआधी आबांनीच काठीने कुट्टी यंत्राच्या छपराकडे दाखवले. मेढीला त्यांनी एक लांब खिळा ठोकला होता, आणि त्यावर कडे अडकवलेले होते.